प्राचीन जीवोपजीवी व प्रवरा खोऱ्यातील लोकारोग्य

प्राचीन वसाहती, दफने व शौचकूप यांच्या मातीत टिकून राहिलेल्या कृमींच्या अंड्यांवरून तत्कालीन लोकांचे आरोग्य, आहार व स्वच्छता यांचा मागोवा घेणारी पुरातत्त्वविद्येची एक शाखा आहे. जीवोपजीवी म्हणजे दुसऱ्या जीवाच्या शरीरावर किंवा शरीरात राहून त्यावर उपजीविका करणारे जीव. या अभ्यासाचा प्रारंभ मार्क आर्मांड रफर यांच्या संशोधनापासून मानतात. त्यांना ईजिप्तमधील सु. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत रक्तपर्णकृमींची अंडी आढळली व ती माहिती त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केली.

पद्धती : कृमीचे मऊ शरीर लवकर नष्ट होते, तथापि काही कृमींच्या अंड्यांचे कवच चिवट असल्याने ती हजारो वर्षे टिकतात. दफनातील सांगाड्याच्या कटिभागातील थोडी माती घेऊन ती ट्रायसोडियम फॉस्फेटाच्या सौम्य विद्रावात भिजवितात, बारीक चाळण्यांतून गाळतात आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गोलकृमीचे (जंताचे) अंडे खडबडीत कवचाचे असते. प्रतोदकृमीचे अंडे पिंपाच्या आकाराचे असून त्याच्या दोन्ही टोकांना बुचासारखे भाग असतात. अंडी बाहेरून आलेली नाहीत याची खात्री करण्यासाठी कवटीजवळील व पायांजवळील मातीही तपासतात. अंकुशकृमीच्या अंड्याचे कवच पातळ असल्याने ते क्वचितच टिकते. त्यामुळे अंडी न सापडणे म्हणजे रोग नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही.

गोलकृमी व प्रतोदकृमी यांची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात आणि ओलसर, उबदार मातीत काही आठवडे राहिल्यावरच ती संसर्गक्षम होतात. नंतर हात, भाजी वा पाणी यांवाटे ती पोटात जातात. म्हणून दफनातील असे प्रत्येक अंडे त्या वस्तीतील मलविसर्जनाच्या पद्धतीचाही पुरावा ठरते.

प्रवरा खोऱ्यातील पुरावा : अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जोर्वे, नेवासे व दायमाबाद ही प्रवरेकाठची स्थळे महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या इतिहासाचा पाया होत. जोर्वे येथे १९५०–५१ मध्ये उत्खनन झाले. नेवासे येथे ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे १९५४ पासून उत्खनन केले. दायमाबाद येथे १९५८–५९ मध्ये म. न. देशपांडे, १९७४–७५ मध्ये शि. रं. राव आणि त्यानंतर १९७९ पर्यंत शां. अ. साळी यांनी उत्खनने केली. जोर्वे संस्कृतीचे लोक (इ. स. पू. सु. १४००–१०००) मृत बालकांना दोन कुंभांत ठेवून, कुंभांची तोंडे एकमेकांस जोडून घराच्या जमिनीखाली पुरत. घर, अंगण व दफन यांच्या या सान्निध्यामुळे बालकांच्या आरोग्याची साधने वस्तीतच सुरक्षित राहिली.

नेवासे येथील सांगाड्यांवरील केनेथ केनेडी व कैलाश मल्होत्रा यांचा अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद व पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील बालकांच्या अस्थींचा अभ्यास करून २०११ मध्ये ग्रंथ लिहिला. इनामगावच्या उत्तर जोर्वे काळात बालकांची वाढ खुंटल्याची चिन्हे त्यांस आढळली. मात्र वाढ खुंटली ती अन्नाच्या तुटवड्याने, वारंवारच्या हगवणीने की कृमींमुळे, हे केवळ अस्थींवरून ठरविणे कठीण असते. या ठिकाणी कटिभागातील मातीचे महत्त्व लक्षात येते. सांगाडा धुऊन पुसून संग्रहालयात ठेवला, की हा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

सांडपाण्याची सोय व आरोग्य : नेवासे येथील सातवाहनकालीन वस्तीत भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेले शोषखड्डे आढळतात. असे खड्डे हे प्रगत नागरी जीवनाचे लक्षण मानण्याचा प्रघात आहे. परंतु बांधकाम व आरोग्य या दोन भिन्न गोष्टी होत. याच काळात नेवाशाचा ज्या रोमन जगाशी व्यापारी संबंध होता, तेथे सार्वजनिक शौचगृहे, गटारे व स्नानगृहे विपुल होती. तरीही पिअर्स मिचेल यांनी २०१६ मध्ये केलेल्या आढाव्यात रोमन काळात प्रतोदकृमी व गोलकृमी यांचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. शेतात मानवी विष्ठेचे खत घालण्याची प्रथा हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. सांडपाणी दृष्टीआड झाले, तरी ते विहिरीपर्यंत किंवा भाजीच्या वाफ्यापर्यंत पोहोचत असेल, तर रोगाचे चक्र तुटत नाही. नेवाशासारख्या ठिकाणच्या शोषखड्ड्यांचे मोलही त्यांच्या तळातील गाळाच्या परीक्षेनेच ठरू शकते.

नारू : नारूचा कृमी मात्र विष्ठेतून पसरत नाही. रोग्याच्या पायावरील फोडातून त्याची पिले पाण्यात जातात व तेथील सूक्ष्म जलचरांवाटे पाणी पिणाऱ्याच्या शरीरात शिरतात. म्हणूनच पायऱ्यांच्या विहिरी व बारवा ही नारूची मुख्य केंद्रे ठरली. महाराष्ट्र हे त्याच्या प्रादुर्भावाच्या राज्यांपैकी एक होते. १९८३–८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पाणी गाळून पिणे, विहिरींत उतरण्यास प्रतिबंध व हातपंप यांच्या साहाय्याने रोग हटला. भारतातील अखेरचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. शरीरात मेलेला नारू कधीकधी कॅल्शियम साचून कठीण होतो. अशा स्वरूपातील नारू ईजिप्तमधील एका ममीत आढळला आहे.

बारव हे लोकोपयोगी व बहुधा पुण्यकृत्य म्हणून केलेले बांधकाम. तेच रोगप्रसाराचेही साधन झाले. स्वच्छतेच्या इतिहासात म्हणूनच वास्तूंबरोबर त्यांचा वापर करणाऱ्या माणसांच्या शरीरांचा पुरावाही लक्षात घ्यावा लागतो. प्रवरा खोऱ्यात यापुढे होणाऱ्या उत्खननांत प्रत्येक दफनातील व शोषखड्ड्यातील मूठभर माती नोंद करून राखून ठेवली, तर तीन हजार वर्षांपूर्वीची बालके कशाने दगावली, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास मोठे साहाय्य होईल.