कोटा कुणाचा, रझाकार कोण? बांगलादेशातलं विद्यार्थी आंदोलन सोप्या भाषेत

२०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गावागावांतल्या मोबाईलवर ढाक्याचे व्हिडिओ धडाधड येत होते. रस्त्यावर हजारो पोरं-पोरी, अश्रुधूर, जळणाऱ्या गाड्या आणि शेवटी पंतप्रधानांच्या बंगल्यात घुसलेली गर्दी. "आरक्षणावरून बांगलादेश पेटला" एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. पारावर चर्चा रंगली ती आपल्याकडच्या आरक्षणाशी जोड लावून. पण तिथला कोटा आणि आपल्याकडचं आरक्षण ही एकच गोष्ट नाही. हे प्रकरण नेमकं काय होतं, इतकं का चिघळलं आणि मोबाईलवर आलेलं किती खरं होतं, त्याची ही माहिती.

कोटा कुणासाठी होता?

आजचा बांगलादेश म्हणजे १९७१ पर्यंतचा पूर्व पाकिस्तान. त्या वर्षी पाकिस्तानी लष्कराविरुद्ध लढून हा देश स्वतंत्र झाला. या लढ्यात जे उतरले त्यांना तिथं मुक्तियोद्धा म्हणतात. १९७२ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांच्या सरकारनं सरकारी नोकऱ्यांत मुक्तियोद्ध्यांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या. घरदार सोडून लढलेल्या माणसाला आधार मिळावा, हा त्यामागचा हेतू. त्या वेळी याला फारसा कुणाचा आक्षेप नव्हता.

पुढं लढणाऱ्यांचं वय झालं, नोकरीचं वय निघून गेलं. पण कोटा राहिला. १९९७ मध्ये तो त्यांच्या मुलांना लागू झाला आणि २०१० मध्ये नातवंडांनाही. २०१८ पर्यंत १०० जागांची वाटणी अशी होती:

- मुक्तियोद्ध्यांची मुलं-नातवंडं : ३०
- महिला : १०
- मागास जिल्हे : १०
- आदिवासी व अल्पसंख्य जमाती : ५
- अपंग : १
- गुणवत्तेवर खुल्या : ४४

म्हणजे ५६ जागा कोट्यात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच गटाला. नोंद झालेले मुक्तियोद्धे दोन लाखांच्या आसपास आणि देशाची लोकसंख्या १७ कोटी.

आपल्याकडं आरक्षण आहे ते मुख्यतः सामाजिक मागासलेपणाच्या आधारावर. पिढ्यानपिढ्या जातीमुळं ज्यांना शाळा, पाणी, जमीन नाकारली गेली त्यांच्यासाठी. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला ५० टक्क्यांची मर्यादाही सांगितली. बांगलादेशातल्या ३० टक्क्यांचा जातीशी काही संबंध नव्हता. आजोबा १९७१ ला लढले का, आणि तसा दाखला आहे का, एवढाच प्रश्न.

दाखला आला की बोगस दाखलाही आला. मुक्तियोद्धा असल्याची खोटी प्रमाणपत्रं काढून फायदे घेतल्याची प्रकरणं तिथं वारंवार बाहेर आली. २०१४ मध्ये तर सचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांचीच प्रमाणपत्रं रद्द करावी लागली होती.

पोरं का चिडली?

आपल्याकडं जशी एमपीएससी, तशी तिथं बीसीएस, म्हणजे बांगलादेश सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा. साधारण ३ हजार जागांसाठी ४ लाखांच्या आसपास पदवीधर बसतात. देशात कपड्यांचे कारखाने भरपूर, पण तिथं काम मिळतं ते शिलाई मशीनवर. शिकलेल्या पोराला कायमची, पेन्शनची नोकरी म्हणजे सरकारीच. खोली करून चार-पाच वर्षं अभ्यास करणारी पोरं आपल्याकडं घरोघरी आहेत. तिथलं चित्र काही वेगळं नाही.

त्यात २०२४ च्या जुलैमध्येच लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचे पेपर फोडल्याच्या आरोपावरून १७ जणांना अटक झाली. त्यात आयोगाचा एक माजी ड्रायव्हरही होता. आधीच जागा कमी, त्यातल्या अर्ध्याहून जास्त कोट्यात आणि उरलेल्यांचे पेपर फुटतात, अशी भावना झाली.

मागणी काय होती?

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे. "आरक्षण पूर्ण बंद करा" अशी विद्यार्थ्यांची मागणी नव्हती. खऱ्या अर्थानं मागास असलेल्यांसाठी कोटा थोडा ठेवा, बाकीचा काढा आणि तसा कायदा संसदेत करा, असं ते म्हणत होते.

याआधी २०१८ मध्येही मोठं आंदोलन झालं होतं. तेव्हा कोटा कमी करा म्हणणाऱ्यांना पंतप्रधान शेख हसीना यांनी वैतागून वरच्या श्रेणीतल्या नोकऱ्यांमधला सगळाच कोटा रद्द करून टाकला. त्यात महिला आणि आदिवासींचाही गेला. या निर्णयाविरुद्ध मुक्तियोद्ध्यांची काही वारस मंडळी २०२१ मध्ये हायकोर्टात गेली. ५ जून २०२४ रोजी कोर्टानं कोटा रद्द करण्याचा आदेश बेकायदा ठरवला. जुना कोटा परत येणार हे दिसताच विद्यापीठं पुन्हा पेटली. १ जुलैपासून 'भेदभावविरोधी विद्यार्थी आंदोलन' या नावाखाली मोर्चे निघाले आणि ७ जुलैपासून रस्ते, रेल्वे अडवायला सुरुवात झाली. १० जुलैला वरच्या कोर्टानं चार आठवड्यांसाठी 'जैसे थे' आदेश दिला. पण सरकारनं स्वतः तोडगा द्यावा यावर पोरं अडून राहिली.

एक शब्द आणि आगीत तेल

१४ जुलैच्या पत्रकार परिषदेत हसीना यांनी सवाल केला की, मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या नाहीत, तर मग काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायच्या?

रझाकार हा शब्द मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. आपल्याकडचे रझाकार म्हणजे कासिम रझवीची, निजामाच्या बाजूची संघटना. तिनं गावं लुटली आणि १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं तेव्हा तिचा अंमल संपला. बांगलादेशातले रझाकार वेगळे. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराला मदत करणाऱ्या स्थानिक दलाला तिथं रझाकार म्हणत. मूळ शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. पण दोन्हीकडं ती शिवीच झाली, तिकडं तर गद्दार या अर्थानं.

नोकरी मागणाऱ्या पोरांना ते शब्द जिव्हारी लागले. त्याच रात्री ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांतून मुलं-मुली बाहेर पडली. आम्हाला रझाकार म्हणणारा कोण, तर हुकूमशहा, अशा घोषणा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सत्ताधारी अवामी लीगच्या विद्यार्थी संघटनेनं, छात्र लीगनं, आंदोलकांवर हल्ला केला.

गोळीबार ते सत्तापालट

- १६ जुलै : रंगपूरमध्ये अबू सईद हा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला. पोलिसांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हा व्हिडिओ जगभर गेला. त्या दिवशी देशात सहा जणांचा जीव गेला.
- १८ जुलै : देशभर इंटरनेट बंद.
- १९ जुलै : मध्यरात्रीपासून संचारबंदी, लष्कर रस्त्यावर.
- २१ जुलै : सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ९३ टक्के जागा गुणवत्तेवर, मुक्तियोद्ध्यांच्या मुलांना ५, जमातींना १, अपंग व तृतीयपंथींना मिळून १ टक्का. नातवंडांचा कोटा गेला. महिला आणि जिल्ह्यांचाही गेला.
- ३ ऑगस्ट : आता एकच मागणी, सरकारनं राजीनामा द्यावा.
- ४ ऑगस्ट : असहकाराची हाक. एका दिवसात नव्वदच्या वर माणसं मारली गेली.
- ५ ऑगस्ट : हसीना राजीनामा देऊन भारतात आल्या.
- ८ ऑगस्ट : नोबेल विजेते मुहम्मद युनूस यांच्या नेतृत्वाखाली अंतरिम सरकार.

कोट्याचा प्रश्न २१ जुलैला जवळपास सुटला होता. तरी आंदोलन का थांबलं नाही? कारण तोवर शंभराच्या वर लोक गेले होते. ज्यांच्या घरातलं पोर गेलं त्यांना ९३ टक्क्यांचं काय करायचं? मग जुना रागही वर आला. हसीना २००९ पासून सलग सत्तेत होत्या. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षानं बहिष्कार टाकला होता. विरोधात बोललं की गुन्हा, हे लोक वर्षानुवर्षं बघत होते. चर्चेनं सुटणारी मागणी बंदुकीनं हाताळली आणि सरकारच गेलं.

१ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात १,४०० पर्यंत लोक मारले गेले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. बहुतेकांना सुरक्षा दलांच्या गोळ्या लागल्या होत्या. मृतांमध्ये लहान मुलंही होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यातल्या न्यायाधिकरणानं हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. त्यांनी आरोप फेटाळले आहेत.

मोबाईलवर आलेलं किती खरं?

५ ऑगस्टनंतर एका जळत्या घराचा व्हिडिओ भारतात खूप फिरला. हिंदू क्रिकेटपटू लिटन दास याचं घर जाळलं, असं त्याखाली लिहिलेलं. प्रत्यक्षात ते घर मशरफी मोर्तझा याचं होतं. तो माजी कर्णधार, मुसलमान आणि अवामी लीगचा तेव्हाचा खासदार. घर जळालं हे खरं, पण माणूस आणि कारण दोन्ही बदलून पाठवलं गेलं.

याचा अर्थ हिंदूंवर हल्ले झालेच नाहीत, असाही नाही. घरं, दुकानं आणि मंदिरांवर हल्ले झाल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातही नमूद आहे. अहमदिया मुस्लिम आणि डोंगराळ भागातल्या आदिवासींवरही हल्ले झाले. खरं दुःख असताना त्यात खोटा व्हिडिओ मिसळला की नुकसान पीडितांचंच होतं. एक खोटा सापडला की लोक खरं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

आपला काय संबंध?

बांगलादेश हा महाराष्ट्राच्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक राहिलेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सीमा बंद झाली तेव्हा कांद्याच्या गाड्या बॉर्डरवर अडकून पडल्या होत्या. विदर्भातल्या संत्र्यालाही तिथल्या आयात शुल्काचा फटका बसत आला आहे. शिवाय भारतातली हजारो पोरं तिथं डॉक्टरकी शिकतात. इंटरनेट बंद झालं तेव्हा त्यांच्या आई-बापांचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून परदेशातली बातमी आली की चार गोष्टी बघितलेल्या बऱ्या. व्हिडिओ कुठला आणि कोणत्या तारखेचा. माणसाचं नाव दुसऱ्या कुठल्या बातमीत तेच आहे का. मागणी नेमकी काय आहे, का फक्त घोषणा ऐकवली. आणि जो शब्द वापरलाय त्याचा तिथं अर्थ काय. कोटा आणि रझाकार हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे. पण तिथं त्यांचा अर्थ वेगळा, आणि तो कळल्याशिवाय ढाक्याची बातमी कळत नाही.