अनुचलन, एंजिनाचे

किल्ली फिरवून प्रज्वलनाचा विद्युत्प्रवाह तोडल्यानंतरही पेट्रोल-एंजिन धक्के खात, अडखळत, कधी क्षणभर तर कधी बराच वेळ फिरत राहते, त्या दोषास अनुचलन म्हणतात. कारागिरांच्या बोलीत त्यास ‘रन-ऑन’ किंवा ‘डीझेलिंग’ अशी नावे आहेत. हा दोष मुख्यतः कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारींचा, आणि त्यांतही एंजिन चांगले तापलेले असतानाचा होय. ठिणगीवाचून मिश्रण पेटते ते ज्वलनकक्षात साचून लाल झालेल्या कार्बनच्या थरामुळे, प्लगाच्या अतितप्त टोकामुळे, अथवा फेरे मंदावल्याने उष्ण कक्षात अधिक काळ दाबून राहिलेले मिश्रण स्वतःच पेटण्याइतके तापल्यामुळे. हलक्या ऑक्टेनचे पेट्रोल या सर्व प्रकारांस साहाय्यभूत होते.

तथापि सारा दोष कार्बनच्या माथी मारून हेड उतरवावयास निघणे हा उतावीळपणा आहे. कक्ष कितीही तापलेला असला तरी हवा व पेट्रोल आत आल्यावाचून काही पेटत नाही, आणि ती येण्याची वाट बहुधा वाजवीपेक्षा अधिक उघड्या राहिलेल्या थ्रॉटलची असते. टायमिंग मागे पडलेले, कोठून तरी आगंतुक हवा शिरत असलेली, म्हणून एंजिन संथ गतीत टिकेना. मग कारागीर स्लोचा स्क्रू आवळतो, झडप उघडी राहते, आणि एका दोषावरील इलाज दुसऱ्याचे मूळ होऊन बसतो.

अमेरिकेत 1968 सालच्या गाड्यांपासून धुराविषयीचे संघराज्यीय निर्बंध अंमलात आले, तेव्हा हीच परिस्थिती कारखानदारांनी जणू हुकमाने निर्माण केली: मिश्रण विरल झाले, संथ गतीतील ठिणगी मागे नेली गेली आणि गती टिकविण्यासाठी थ्रॉटल अधिक उघडावा लागला. त्यावर तजवीज म्हणून थ्रॉटलला विद्युच्चुंबकीय टेकू देण्यात आला. किल्ली बंद होताच तो मागे सरतो व झडप पूर्ण मिटते. सोलेक्स, वेबर इत्यादी कार्ब्युरेटरांच्या काही नमुन्यांत याऐवजी स्लो जेटचाच मार्ग रोखणारा सोलेनॉइड असतो. ब्रिटिश एसयू कार्ब्युरेटरात मात्र संथ गतीसाठी स्वतंत्र मार्गच नसल्याने तो उपाय तेथे लागू पडत नाही. म्हणून 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेस जाणाऱ्या एमजीबी गाड्यांत किल्ली बंद होताच इनलेट मॅनिफोल्डमधील निर्वात कोळशाच्या डब्यावाटे फ्लोट चेंबरला जोडून पेट्रोलचा ओघ थांबविणारी झडप बसविली गेली. तेलाचा दाब शिल्लक असेतोवरच तिला वीज मिळते, आणि एंजिन थांबताच ती आपोआप मोकळी होते. या योजनेइतके चातुर्य त्या काळच्या धूरनियंत्रक साहित्यात क्वचितच आढळते.

दुरुस्ती करताना प्रथम हे अनुचलनच आहे याची खातरजमा करावी: किल्ली काढूनही एंजिन अगदी सुरळीत चालत असेल तर प्लगास वीज कोठून तरी मिळत आहे असे समजून स्विच व वायरिंग तपासावे. मग टायमिंग, हवेची गळती, मिश्रण आणि शेवटी स्लो, या क्रमाने जावे. सोलेनॉइड असल्यास किल्ली उघडताच त्याचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. बिघडलेल्या सोलेनॉइडची सुई तोडून गाडी चालती करण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे, तो सर्वथा त्याज्य होय. त्यानंतर योग्य उष्णताश्रेणीचे प्लग, रेडिएटर व थर्मोस्टॅट, आणि हे सारे निर्दोष ठरल्यावरच हेड उतरवून कार्बन खरवडणे. तोवर एंजिन अनावर झालेच तर ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा, म्हणजे ते थांबते.

इंधन-अंतःक्षेपणाच्या गाड्यांत किल्लीसरशी पेट्रोलच बंद होत असल्यामुळे हा दोष सहसा आढळत नाही.