उतरत्या बाजारातील शस्त्रे

बेलापूरच्या किल्ले गावठाणाजवळ, जेथून मोटारींचा ओघ अहोरात्र वाहत असतो, तेथे झाडीच्या आड एक भग्न बुरूज अद्याप तग धरून आहे. पनवेलच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठी जंजिऱ्याच्या सिद्दीने उभारलेला, पुढे पोर्तुगिजांच्या हाती पडलेला, वसईच्या मोहिमेच्या काळात मराठ्यांनी घेतलेला आणि अखेर इंग्रजांनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे निकामी करून टाकलेला असा हा किल्ला. त्यावर एके काळी चौदा तोफा होत्या, आज एकही नाही. गड पडला की त्याची हकीकत कोणी ना कोणी लिहून ठेवतो. परंतु गडावरील, वाड्यातील आणि पुढे झोपडीतील हत्यारे कोणाच्या हातून कोणाच्या हाती, किती मोलाने व कोणत्या अडचणीपोटी गेली, हे लिहून ठेवण्याची फिकीर फारशी कोणी केली नाही. आणि तरीही, ज्याला जुने हत्यार रास्त दामात व राजरोसपणे मिळवावयाचे आहे, त्याला या अडचणींचाच इतिहास आधी वाचावा लागतो. कारण आपल्या प्रांतात हा बाजार मागणीने जितका घडविला, त्याहून अधिक कायद्याने घडविला आहे.

शस्त्रांची जत्रा आपल्याकडे कधी भरली नाही. अमेरिकेत शनिवार-रविवारी मोठ्या मंडपात भाड्याची मेजे मांडून बंदुका, संगिनी आणि काडतुसे विकावयास ठेवण्याची रीत आहे, आणि १९८६ च्या कायद्याने परवानाधारक व्यापाऱ्यांस आपापल्या राज्यातील अशा मेळाव्यांत विक्रीची मुभा मिळाल्यावर त्या रीतीस विशेष बरकत आली. आता तेथील जुनी गिऱ्हाइके कुरकुरतात, की मेजांवर बंदुका थोड्या आणि वाळविलेल्या मांसाच्या पुड्या फार. तथापि एखाद्या दिवंगत संग्राहकाच्या मुलाने बापाचा ठेवा कंटाळून विकावयास आणला असेल, तर तेथेही चोखंदळ माणसाचा फेरा फुकट जात नाही. महाराष्ट्रात शस्त्रप्रदर्शने उदंड होतात. शिवजयंतीला, दसऱ्याला, शाळेच्या सभागृहात वा मंडळाच्या मंडपात तलवारी, पट्टे, कट्यारी आणि बिचवे मखमलीवर मांडले जातात, मुले डोळे विस्फारून पाहतात. पण त्यांवर किमतीची चिठ्ठी नसते. विक्री झालीच तर ती मागच्या खोलीत, दोन-चार माणसांच्या देखत होते, आणि पूर्वीही तशीच होत असे.

शिवकाळात शिलेखाना हा राज्याच्या अठरा कारखान्यांपैकी एक होता, आणि फार्सी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यासाठी रचविलेल्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग योजिलेला आहे, यावरून त्या खात्याचे महत्त्व ध्यानी येते. परंतु शिलेखान्यातील सर्व पोलाद घरचे नव्हते. जर्मनीतील झोलिंगेन, इटलीतील जिनोआ, स्पेनमधील तोलेदो अशा गावी घडलेली लांब, सरळ पाती पोर्तुगिजांच्या बंदरांतून उतरत, आणि येथील कारागीर त्यांवर देशी मूठ चढवून त्यांची फिरंग बनवीत. टोपीकरांशी हा व्यवहार सर्वकाळ सलोख्याचा होता असे नाही. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी सिद्दी जौहरास वेढा घालणाऱ्यास दारूगोळा तर पुरविलाच, वर स्वतः जाऊन, आपले निशाण लावून, तो गडावर डागूनही दाखविला. विक्रीपश्चात सेवेचा हा अतिरेक त्यांस भोवला, कारण पुढील वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार खणून काढली आणि वखारवाले कैदेत गेले.

१८१८ नंतर शिलेखाने ओस पडले. ज्यांच्या कमरेला तलवार हाच चरितार्थ होता त्यांची शिबंदी मोडली, आणि तलवार भिंतीवरून देव्हाऱ्यात व देव्हाऱ्यातून अडगळीत गेली. १८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरणाचे हुकूम सुटले, आणि १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत हत्यारबंदीचा कायदा झाला. त्या कायद्याने एक विलक्षण गोष्ट केली: हत्याराची किंमत त्याच्या पात्यातून काढून घेऊन परवान्याच्या कागदात नेऊन ठेवली. सरदार-दरकदारांस सूट मिळाली, रयतेस नाही; म्हणून रयतेच्या घरची पाती मोडीच्या भावाने लोहाराच्या भट्टीत गेली, आणि सरदारांच्या घरची चार पिढ्यांनी कर्ज फेडण्यासाठी बाहेर आली. ज्यांना हत्यार वापरण्यासाठीच हवे होते त्यांची वाट अर्थातच निराळी होती. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून जी वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली, त्यांतील एकाने नाशकात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला, आणि १९१० च्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे व देशपांडे फासावर गेले. त्या पिस्तुलांचा हिशेब बाजारभावाने मांडता येत नाही.

या उतरणीच्या काळातच ज्याने सर्वांत शहाणी खरेदी केली, तो सरदार नव्हता, तर चष्म्यांच्या धंद्यातील एक पुणेकर कवी होता. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे दिनकर गंगाधर केळकर १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करू लागले, आणि अडकित्ते, दिवे, वाद्ये यांच्या जोडीने त्यांनी शस्त्रेही मिळविली. १९६० पर्यंत त्यांच्यापाशी पंधरा हजारांच्या आसपास वस्तू जमल्या होत्या. अकाली निवर्तलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय मांडले आणि १९७५ साली ते सरकारच्या स्वाधीन केले. त्यांच्याजवळ कुबेराचे भांडार नव्हते. लोक ज्या काळात जुने टाकून नवे घेत होते, त्या काळात ते जुन्या वाड्यांच्या दारी गेले, हेच त्यांचे भांडवल.

पुण्याचा जुना बाजार आजही बुधवारी व रविवारी भरतो, आणि मुंबईत चोरबाजारात शुक्रवारी पहाटे पथारी पसरतात. परंतु खरे पाते तेथे आता क्वचितच पाहावयास मिळते, आणि जे मिळते त्यांतील बहुतेक गेल्या दहा-वीस वर्षांतच जन्मास आलेले असते. तेजाबाने रेघोट्या उठवून जौहरदार पोलादाचा आभास निर्माण करणे ही आता सर्वांस अवगत झालेली विद्या आहे. पारख करू इच्छिणाराने नक्षीकडे न पाहता मुठीच्या मुळाशी पाहावे. जुन्या तलवारीचे पाते मुठीत लाखेने बसविलेले असते. शेदोनशे वर्षांत ती लाख वाळून तडकते, काळी पडते, आणि पाते परजेपाशी किंचित हलते. जेथे लाखेऐवजी चकचकीत चिकटद्रव्य दिसते, किंवा जेथे गंज पात्यावर आहे पण मुठीच्या सांध्यात नाही, तेथून निमूटपणे पुढे जावे. उलट, मूठ देशी आणि पाते सरळ, त्यावर लांबट पन्हळ, आणि पन्हळीत पुसट झालेली रोमन अक्षरे वा धावत्या लांडग्याची खूण असेल, तर विक्रेता ते ‘साधे’ म्हणून कमी दामात देऊ करीत असला तरी हात आखडू नये. नक्षी नसलेली फिरंग नक्षीदार नकलेपेक्षा स्वस्त मिळते, हा या बाजाराचा मला सर्वांत आवडणारा विनोद आहे. (नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्यास अधिसूचित क्षेत्रात परवाना लागतो, हे मात्र घेण्यापूर्वी विचारून घ्यावे, फौजदाराला फिरंग व नक्कल यांतील भेद सांगत बसण्याची पाळी कोणावर येऊ नये.)

तलवारीचा बाजार शहरातला, बंदुकीचा गावातला. ज्या भूमीवर आज वाशी, नेरूळ, खारघर उभे आहेत, तेथे भातखाचरे आणि मिठागरे होती, आणि पारसिकच्या डोंगरातून रात्री उतरणारे रानडुक्कर ही आगरी शेतकऱ्याची जुनी डोकेदुखी होती. कोकणात याच कामासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याची वहिवाट आहे: नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि छर्रे भरून गजाने ठासावयाचे, मागे टोपी लावावयाची, आणि एक बार काढून मग पुन्हा सारे पहिल्यापासून. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने, जो १९६२ पासून अमलात आला, तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीस परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद ठेवली. या परवान्याचा आधार शेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी नेमल्या गेल्या, आणि शेत गेल्याबरोबर बंदुकीचे कारणही गेले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला शेतकरी उभे राहिले व त्यांतील पाच जणांनी प्राण गमावले, ते जमिनीच्या मोबदल्यासाठी. गेलेल्या परवान्याचा मोबदला कोणी मागितला नाही, व तो मागण्याजोगाही नव्हता.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूनेही बाजार आटत होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार संपविली, आणि तिच्याबरोबर दुनळी बाराबोर घेणारा जमीनदार, वकील व डॉक्टर हा ग्राहकवर्गही हळूहळू नाहीसा झाला. १९८० च्या दशकाच्या मध्यास खाजगी वापरासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली. नामांकित नेमबाजांस तेवढी सवलत राहिली, इतरांस कानपूरचे रिव्हॉल्वर आणि ईशापूरची रायफल. आयातबंदीचा परिणाम दुहेरी झाला. जुन्या विलायती रिव्हॉल्वरांचे भाव अवाच्या सवा चढले, कारण आत्मसंरक्षणासाठी, आणि खरे सांगायचे तर मिरविण्यासाठी, त्यांस गिऱ्हाईक टिकून होते. विलायती शिकारी बंदुकांस मात्र कोणी वाली उरला नाही. वेब्ली अँड स्कॉट वा ग्रीनर अशा घराण्यांच्या दुनळ्या, ज्यांचे काम आजच्या कोणत्याही कारखान्यात त्या निगुतीने होत नाही, त्या परवानाधारक विक्रेत्यांच्या लोखंडी कपाटांत वर्षानुवर्षे पडून असतात.

त्या तेथे येतात कशा, हे समजले म्हणजे बाजाराची किल्ली हाती येते. परवानाधारक वारला, किंवा परवान्याचे नूतनीकरण झाले नाही, की शस्त्र अधिनियमाच्या एकविसाव्या कलमान्वये हत्यार पोलीस ठाण्यात अथवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाने मुदतीत परवाना मिळविला नाही किंवा हत्यार विकले नाही, तर अखेरीस ते सरकारजमा होते. मुलगा पुण्यात वा परदेशात, सुनेला घरात बंदूक नको, साठवणुकीचे भाडे चालू, आणि सरकारजमा होण्याची टांगती तलवार डोक्यावर; अशा वारसास पैशापेक्षा सुटका हवी असते. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील हत्यारांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली आणि जादा हत्यार एका वर्षात सोडण्याचा हुकूम केला. तिसरे हत्यार बहुधा आजोबांचेच निघाले.

नवी मुंबईत १९९४ पासून पोलीस आयुक्तालय आहे व परवान्याचे दप्तर आयुक्तांकडे असते. कागद पुरा असलेल्या, आणि ज्याला घाई नाही अशा नेमबाजाने ही कपाटे उघडवून पाहावीत. दुनळीच्या नळ्या दस्त्यापासून सोडवून, बोटावर अधांतरी धरून, टिचकी मारावी: डाक शाबूत असेल तर लांबवर निनाद उमटतो, सुटला असेल तर बद्द आवाज होतो. नळ्यांच्या तळाच्या सपाटीवर बर्मिंगहॅमचा, लंडनचा की लिएजचा परीक्षेचा ठसा आहे ते वाचावे. बंदूक मिटून, सांधा उजेडासमोर धरून, फटीतून प्रकाश येतो का ते पाहावे. आणि नळीवर पिळाची वेलबुट्टी दिसली, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून ती घडविलेली असली, तर कौतुक करून ठेवून द्यावी, कारण ती काळ्या दारूसाठी बनलेली असते आणि हल्लीचे काडतूस तिला सोसेलच असे नाही. जे हत्यार दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या घाटाचे आहे, ते पंचेचाळिसाव्या कलमाने शस्त्र अधिनियमाच्या कक्षेबाहेरच जाते. परंतु तसे ते आहे, हे विकणाऱ्याने तोंडाने सांगून भागत नाही.

शंभर वर्षांवरील हत्यारास १९७२ चा पुरावस्तू अधिनियमही लागू होतो; त्याने अशा वस्तूंच्या व्यापारास परवान्याचे बंधन घातले आणि खाजगी निर्यात बंद केली. याचा व्यापारी परिणाम फारसा कोणी बोलून दाखवीत नाही: देशातील मालाला परदेशी गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून त्याच मालाचा भाव येथे कमी आणि लंडनला अधिक. ही तफावत २०२५ साली आपल्या सरकारच्याच अनुभवास आली. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीच्या लिलावात निघाली. पाते युरोपीय, मूठ देशी, आणि पात्याच्या पाठीवर रघुजींचे नाव, सेनासाहेबसुभा ही पदवी व फिरंग हा उल्लेख देवनागरीत सोन्याने कोरलेला. सरकारला लिलावात थेट उतरता येईना, तेव्हा मध्यस्थामार्फत बोली लावली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. वाहतूक आणि विमा धरून सत्तेचाळीस लाख पंधरा हजार रुपये पडले. काहींनी ही रक्कम फार झाली म्हणून नाक मुरडले. मला ती खरेदी स्वस्त वाटते. तेवढ्या पैशांत हल्ली नेरूळला एका शयनगृहाची बरी सदनिकाही हाती लागत नाही.