पांढरं पाणी: बारा तासांचा घटनाक्रम

मे महिन्यातला शनिवार. सोलापुरातलं आमचं घर, २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, वय चार महिने. आत पाच मासे आणि दगडांवर मऊ प्रवाळं. खडक बांधणारी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरी आणायची नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. पाण्याबद्दल मात्र बरंच ठाऊक नव्हतं. त्या रात्रीची वही समोर ठेवून हे लिहितो आहे.

सायंकाळी ६.००. बारा तास उरले.
आठवड्याची तपासणी. तापमान २९ अंश, अल्कलिनिटी (म्हणजे मुख्यतः पाण्यातली कार्बोनेटं) ७ डीकेएच, कॅल्शियम ४०० पीपीएम, मॅग्नेशियम ११४०. मी अल्कलिनिटीभोवती गोल केला, कारण कुठंतरी वाचलेला ११ हा आकडा डोक्यात बसला होता. वास्तविक समुद्राच्या पाण्यातही ती सातच्या आसपास असते. शिवाय मऊ प्रवाळांना दगडी सांगाडा उभारायचा नसतो. त्यांची गरज थोडी. खरा बिघाड खालच्या ओळीत होता. समुद्रात मॅग्नेशियम १३०० च्या जवळपास असतं. कॅल्शियम आणि कार्बोनेट जुळून चुनखडी बनते. मॅग्नेशियम तिच्या वाढत्या स्फटिकावर जाऊन बसतं आणि त्याची वाढ रोखतं. माझ्या टाकीत हा राखणदारच कमी पडला होता.

६.४०. अकरा तास वीस मिनिटं.
अकराचा आकडा गाठायला १५ ग्रॅम सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट) पेलाभर पाण्यात विरघळवून एकदम ओतला. २०० लिटरमध्ये अल्कलिनिटी एकाने वाढवायला चार ग्रॅमही लागत नाहीत, आणि दिवसाला एवढीच वाढ पुरे. मी चार दिवसांचं काम एका पेल्यात उरकलं. सोडा अ‍ॅशने पीएचही चढतो. ओतलेल्या जागी क्षणात पांढरा धूर पसरला. विरघळतंय, असं मला वाटलं.

रात्री ९.००. नऊ तास.
आईनं विचारलं, "पाणी दुधासारखं का झालंय रे?"
पुन्हा मोजलं. अल्कलिनिटी ११ हवी होती, भरली ७.५. कॅल्शियम ३७५ वर आलेलं. सगळं उत्तर या दोन आकड्यांत होतं. चुनखडी बनते तेव्हा २.८ डीकेएचमागे २० पीपीएम कॅल्शियम जातं. माझे ३.५ डीकेएच आणि २५ पीपीएम अगदी त्याच हिशेबानं गेले होते. म्हणजे साडेबारा ग्रॅम चुनखडी पाण्यात तरंगत होती.

९.३०. साडेआठ तास.
मी हा हिशेब केला नाही. मात्रा कमी पडली असं समजून आणखी १५ ग्रॅम ओतले. संपूर्ण रात्रीतली सगळ्यात मोठी चूक हीच.

१२.४०. पाच तास वीस मिनिटं.
वीज गेली. पाणी फिरवणारा एकुलता एक पंप थांबला, टाकीवरचा पंखाही थांबला. पाणी ३१ अंशांकडे सरकू लागलं.

१.२५. चार तास पस्तीस मिनिटं.
वीज आली. घरातला पंखा फिरू लागला तसा मी कूस बदलून झोपलो. टाकीचा पंप नुसता गुणगुणत राहिला. फिरत असताना आत साचलेली चुनखडी थांबल्यावर घट्ट बसली होती, आणि अडकलेलं चक्र पुन्हा हललंच नाही.

पहाटे ४.००. दोन तास.
कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो. अंधारात शेवाळ तो तयार करत नाही. मासे, प्रवाळं, दगडातले जीवाणू सगळे वापरतच राहतात. पृष्ठभाग निश्चल असल्यानं हवेतून नवा मिसळतही नव्हता.

सकाळी ६.००.
आईच्या हाकेनं उठलो. चार मासे तळाशी होते, पाचवा पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होता. मी तांब्यानं पाणी उंचावरून ओतत राहिलो. तो वाचला. प्रवाळं मिटलेली होती. ती उघडायला नऊ दिवस लागले.

आता तपासणीच्या वहीत पहिल्या पानावर चार ओळी आहेत. एक आकडा पाहून काही ओतायचं नाही. अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शेजारी ठेवून वाचायचे. दुरुस्ती दिवसाला एका डीकेएचपुरती, थेंबाथेंबानं, वाहत्या पाण्यात. पाणी पांढरं झालं की हात मागे. दुसरं काही न घालता दुसऱ्या दिवशी मोजायचं. आणि वीज जाऊन आली की, रात्रीचे कितीही वाजले असोत, पंप फिरतोय का ते उठून पाहायचं. शेजारी बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही ठेवला आहे.

त्या सकाळी पंप उघडला तेव्हा दांडीवर खरखरीत पांढरा थर होता. बोअरचं पाणी तापवणाऱ्या आमच्या हंड्याच्या तळाशी असतो, तोच. आई दर महिन्याला तो खरवडते. मला तो जन्मापासून माहीत होता. टाकीत मात्र मी त्याला ओळखलं नाही.