आयतं नको, काम द्या: कुत्र्याच्या एका खेळण्याचा इतिहास

देवळीच्या आसपासच्या वावरात कुत्रं कुणी मुद्दाम 'आणत' नाही. ते असतं. तुरीच्या शेंगा भरल्या, हरभरा घाट्यावर आला की रोही आणि रानडुकरं रात्री शेतात उतरतात. शेतकरी जागलीला जातो आणि कुत्रं त्याच्या मागेपुढे चालतं. रात्रभर कान टवकारून बसायचं, चाहूल लागली की भुंकायचं, आणि सकाळी भाकरीचा वाटा घ्यायचा. सालदाराचा करार गुढीपाडव्याला नव्यानं ठरतो. कुत्र्याचा कधी ठरतच नाही, तरी दोन्ही बाजू तो पाळतात.

आता याच कुत्र्याचा शहरी चुलतभाऊ पाहा. नागपूरच्या नाही तर पुण्याच्या फ्लॅटमधला लॅब्राडोर. वाडगं दिवसातून दोनदा न मागता भरतं. राखायला शेत नाही, हाकलायला डुक्कर नाही. घरातली माणसं नऊ-दहा तास बाहेर. संध्याकाळी दार उघडलं की एक चप्पल अर्धी झालेली असते आणि सोफ्याचा स्पंज हॉलभर पसरलेला असतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं हे. आपण त्याला 'खोडकर' म्हणतो. तो खरं तर बेरोजगार असतो.

या बेरोजगारीवर बाजारात एक उत्तर मिळतं: आत खाऊ भरायचा आणि कुत्र्यानं तो चाटून, ढकलून, चघळून बाहेर काढायचा, असं पोकळ रबरी खेळणं. दिसायला साधं आहे, पण त्याच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात बरोबर उलट्या टोकाकडून झाली.

1898 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक या तरुणानं प्राण्यांच्या बुद्धीवर प्रबंध लिहिला. त्यानं लाकडी फळ्यांच्या पेट्या बनवल्या. भुकेलं मांजर किंवा कुत्रं आत कोंडायचं आणि खाणं बाहेर ठेवायचं. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. पहिल्यांदा प्राणी बराच वेळ धडपडत. पुन्हा पुन्हा कोंडलं की हा वेळ हळूहळू कमी होई. ज्या कृतीचं फळ चांगलं मिळतं ती कृती पक्की होते, हा त्याचा निष्कर्ष आजही मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण त्या पेटीत प्राणी आत होता आणि अन्न बाहेर. आजच्या खेळण्यात अन्न आत आहे आणि प्राणी बाहेर. कोडं तेच, फक्त कैद गेली. हा बदल व्हायला पाऊण शतक लागलं.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. 1925 साली रॉबर्ट यर्क्स या वानर-अभ्यासकानं लिहिलं की पिंजऱ्यातल्या वानरांना खेळायला किंवा काम करायला काहीतरी साधन द्यायला हवं. पोट भरणं पुरेसं नाही, हे तेव्हा फारसं कुणी म्हणत नव्हतं. मग 1963 साली ग्लेन जेन्सन यानं 200 उंदरांवर एक प्रयोग केला. खटका दाबून दाणे मिळवायला शिकलेल्या उंदरांसमोर त्यानं तेच दाणे वाडग्यात फुकट ठेवले. उंदीर आयतं खातील असं कुणालाही वाटेल. पण वाडगं समोर असताना बहुतेक उंदीर मधूनमधून खटक्याकडे जातच राहिले. पुढे कबुतरांसह अनेक प्राण्यांत हे दिसलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं हा प्राण्यांचा स्वभाव आहे, या समजुतीला तडा गेला.

1970च्या दशकात हॅल मार्कोविट्झ यानं अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात गिबन वानरांसाठी खटके बसवले. खटके चालवले की खाऊ मिळे. पिंजऱ्यातलं रिकामं आयुष्य कामानं भरायचं, हा विचार इथून जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत गेला.

घरच्या कुत्र्यापर्यंत मात्र तो प्रयोगशाळेतून आला नाही, गॅरेजमधून आला. कोलोरॅडोतल्या जो मार्कहॅम यांच्याकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. तो दगड चावायचा आणि त्यात त्याचे दात झिजत होते. एकदा मार्कहॅम जुन्या फोक्सवॅगन गाडीचं काम करत असताना काढलेले सुटे भाग फ्रिट्झपुढे गेले. त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा त्यानं पकडला तो सोडेना. त्या आकारावरून 1976 साली 'काँग' हे खेळणं तयार झालं. वेडावाकडा आकार असल्यानं ते जमिनीवर आपटलं की कुठे उसळेल ते सांगता येत नाही, जणू सशाचा पाठलागच. पोकळीत खाऊ भरण्याची रीत पुढे प्रशिक्षकांनी रुजवली. ब्रिटिश पशुवैद्य इयान डनबार यांनी तिचा मोठा प्रचार केला: वाडगं बाजूला ठेवा, जेवण खेळण्यातून द्या. स्वीडनच्या नीना ऑटोसन यांनी 1990च्या सुमारास सरकत्या झाकणांची लाकडी कोडी बनवायला सुरुवात केली.

रबर इतकं टिकतं कसं? 1839 साली चार्ल्स गुडइयर यांना कळलं की गंधक घालून तापवलं की चिकट रबर लवचीक आणि कणखर होतं. गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतं, त्यामुळे ताणलं तरी ते मूळ आकारात परततं. त्यात काजळी मिसळली की ते आणखी चिवट होतं. गाड्यांचे टायर काळे असतात ते त्यामुळे.

आता निवडीचं. 'टिकाऊ' म्हणजे 'टणक' नव्हे, ही पहिली गोष्ट. शिंग, खूर, हाड हे सगळं टिकतं, पण त्यानं दाढेचा अख्खा कपचा उडू शकतो. अंगठ्याचं नख रुतलं तर वस्तू चालेल. नख रुतत नसेल तर ती नको. खेळणं मागच्या दाढांपलीकडे जाणार नाही इतकं मोठं हवं. पोकळ खेळण्याला दोन भोकं हवीत, कारण एकच असेल तर हवा ओढली जाऊन जीभ आत अडकू शकते. तुकडे निघू लागले की ते फेकून द्यावं, कितीही महाग असलं तरी.

दुसरी गोष्ट कापसाच्या गावात सांगायलाच हवी. सुती दोरीची किंवा चिंध्यांची घरगुती खेळणी स्वस्त पडतात, पण ती कुत्र्याला एकट्याला देऊ नयेत. गिळलेला लांब धागा आतड्यात अडकला की आतडं त्यावर नाड्यासारखं चुण्या पडून गोळा होतं, आणि मग ऑपरेशनशिवाय गती नसते.

भरायला महागडं काही लागत नाही. कुत्र्याच्या रोजच्याच जेवणातला भाग काढून भरायचा, म्हणजे वजन वाढत नाही. दहीभात भरून फ्रीजरमध्ये ठेवला तर विदर्भाच्या उन्हाळ्यात काम लांबतं आणि थंडावाही मिळतो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं पीनट बटर मात्र विष आहे. पहिल्या दिवशी कोडं सोपं ठेवावं. सुरुवातीलाच हरलेलं कुत्रं खेळणं सोडतं आणि पुन्हा चपलेकडे वळतं.

हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून 1960 साली प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा आला. त्याच्या कलम 11 मध्ये एक तरतूद खास कुत्र्यासाठी आहे: नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तो गुन्हा आहे. उपाशी ठेवणं ही क्रूरता, हे सगळ्यांना पटतं. पोटभर खाऊ घालून दिवसभर कोंडणं हीही क्रूरता आहे, हे कायद्यानं साठ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं.

खेळणं या कलमातून सुटण्याची पळवाट नाही. 2021 साली अमेरिकेत 17 पाळीव मांजरांवर जेन्सनसारखा प्रयोग झाला आणि मांजरांनी सरळ आयतं निवडलं. नंतर घरच्या कुत्र्यांवर तसाच अभ्यास झाला. अनेक कुत्री कोड्यातून खायला तयार होती, पण फुकटचं समोर असताना एकूणात त्यांचा कल कोड्याकडे नव्हता. म्हणजे कोडं आवडतं, पण त्यानं सगळी भूक भागत नाही.

मग उरलेली भूक कसली? त्याचं उत्तर जागलीत आहे. तिथे कुत्र्याला काम असतं, मोबदला असतो आणि शेजारी शेकोटीपाशी बसलेला माणूस असतो. हे तिन्ही मिळून तो करार होतो. रबराचं खेळणं यातलं काम देतं आणि मोबदला देतो. सोबत त्यात भरता येत नाही. म्हणून खेळणं चांगलं बघून घ्या, नखानं तपासून घ्या, आणि घरी आल्यावर आधी पट्टा हातात घ्या.