वूल्सथॉर्पचें शेतघर

श्रोतेहो, थोर पुरुषाचें जन्मस्थान पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा जन्माची खोली तेवढी पाहतो. गोठा आणि कोठार यांकडे तो ढुंकूनहि पाहत नाहीं. इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत वूल्सथॉर्प येथें सर आयझॅक न्यूटन ज्या घरांत जन्मले, त्याविषयीं बोलतांना मी मात्र गोठ्याकोठारांना सोडणार नाहीं.

हें घर म्हणजे कोणा सरदाराची हवेली नव्हे. आयझॅकचे आजोबा रॉबर्ट यांनीं १६२३ सालीं ही मिळकत विकत घेतली. घर चुनखडीच्या करड्या दगडाचें, दुमजली आणि वर माळा असलेलें आहे. त्याचा आराखडा इंग्रजी 'टी' अक्षरासारखा आहे. खालीं मोठी बैठक व स्वयंपाकघर, आणि वर निजण्याच्या खोल्या. खिडक्या दगडी उभ्या दांड्यांनीं विभागलेल्या आहेत, कारण त्या काळीं काचेचे लहान लहान तुकडेच शिशाच्या पट्ट्यांत बसवीत असत.

घराभोंवतीं कोठार, तबेला वगैरे इमारती आहेत. अशा इंग्रजी कोठारास समोरासमोर दोन मोठीं दारें ठेवीत. मधल्या जागेंत हिवाळ्यांत धान्य झोडीत, आणि दोन्ही दारें उघडलीं कीं वाऱ्यानें भूस उडून जाई. आपल्याकडील खळें उघड्यावर असतें. त्या पावसाळी देशांत खळ्यावर छप्पर घालावें लागलें, एवढाच फरक.

या इमारती शोभेच्या नव्हत्या. आयझॅकचे वडील १६४२ च्या आक्टोबरांत वारले, तेव्हां त्यांच्या मागें २३४ मेंढ्या व ४६ गुरें असल्याची नोंद आहे. जुन्या गणनेप्रमाणें त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं मुलगा जन्मला. तो तीन वर्षांचा असतांना आईनें बार्नाबस स्मिथ नांवाच्या धर्मोपदेशकाशीं पुनर्विवाह केला व ती दुसऱ्या गांवीं गेली. त्या वेळीं स्मिथनें वूल्सथॉर्पचें घर नव्यानें बांधून दिलें, अशी हकीकत सांगतात. घर सुधारलें खरें, परंतु आई त्यांत राहिली नाहीं. मुलगा आजीपाशीं वाढला.

१६५३ सालीं दुसऱ्यांदा विधवा होऊन आई परतली. पुढें १६५९ च्या सुमारास तिनें मुलास ग्रँथमच्या शाळेंतून काढून शेतीस लाविलें. तिचें काय चुकलें? एवढी मेंढरें, एवढें कोठार सांभाळणार कोण? परंतु मुलाचें लक्ष तिकडे नव्हतें. मेंढ्या दुसऱ्याच्या रानांत शिरल्या, डुकरें पिकांत गेलीं, कुंपण मोडकें राहिलें. यांबद्दल त्याच वर्षीं गांवच्या न्यायसभेनें त्यास दंड केला. मेंढ्यांबद्दलचा दंड ३ शिलिंग ४ पेन्स होता.

तेव्हां त्याचे शिक्षक हेन्री स्टोक्स यांनीं आईचें मन वळविलें. स्वतःची फीहि सोडण्याची तयारी दाखविली. आयुष्यभर शाळेंत शिकविलेल्या मजसारख्यास या कथेंत हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. ऐन हंगामांत घरीं राहिलेलीं किती मुलें पुन्हा वर्गांत दिसलींच नाहींत, हें शिक्षकाखेरीज कोणास ठाऊक असणार? १६६१ सालीं न्यूटन केंब्रिजला गेले.

पण घरानें त्यांना सोडलें नाहीं. १६६५ सालीं प्लेगमुळें विद्यापीठ बंद पडलें आणि ते याच छपराखालीं परतले. प्रकाश, गणित आणि गुरुत्वाकर्षण यांविषयींचें त्यांचें पुष्कळसें चिंतन येथें झालें. ज्यास मेंढरें राखतां आलीं नाहींत, त्यास मेंढवाड्याच्या शांततेनें मात्र विचारास अवकाश दिला. अंगणापलीकडील सफरचंदाचें झाड १८२० च्या वादळांत कोसळलें, तरी पुन्हा रुजलें. त्याच्या वंशाचीं कलमें पुण्यास आयुका संस्थेच्या आवारांतहि लावलीं गेलीं होतीं.

१९४३ पासून हें घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. २०१७ सालीं बैठकीच्या चुलीजवळील भिंतीवर, विशेष प्रकाशाच्या साहाय्यानें, पवनचक्कीचें एक पुसट रेखाचित्र आढळलें. तें बाल आयझॅकनें कोरलें असावें, असा तज्ज्ञांचा कयास आहे. भिंती खराब केल्या म्हणून त्या वेळीं मुलास बोल बसला असेल. आज त्या भिंतीच मोलाच्या ठरल्या आहेत. आपल्या गांवाकडील जुन्या घरांचे गोठे पाडण्यापूर्वीं, श्रोतेहो, त्यांच्या भिंती एकदां तरी नीट पाहून घ्याव्यात, एवढीच विनंती.