यकृताची साक्ष

पिंपरी म्हटलं की आज गाड्यांचे कारखाने आठवतात. चाकणपर्यंत पसरत गेलेला हा सगळा पट्टाच आता गाड्यांचा. पण घरातल्या जुन्या मंडळींना विचारा, त्यांच्या तोंडी आधी 'एच.ए.' येईल. एच.ए. म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. 1954 साली स्थापन झालेली, औषधं बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. जागतिक आरोग्य संघटनेनं तांत्रिक मदत दिली, युनिसेफनं यंत्रसामग्री दिली आणि 1955 पासून पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवायची, तिला साखर आणि हवा द्यायची आणि तिनं सोडलेलं औषध गाळून घ्यायचं, असा तो उद्योग.

पुढे इथल्याच प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूनं 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक शोधलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना! आपल्या गावाचं नाव असं एका जिवाणूला चिकटलेलं आहे, हे इथल्या किती जणांना ठाऊक असेल?

तर पेनिसिलिन आलं, पण त्यासोबत एक प्रश्नही आला. औषध द्यायचं कुणाला? ताप आलेल्या प्रत्येकाला जिवाणूंचाच संसर्ग असतो असं थोडंच आहे. त्यासाठी रक्तानं काहीतरी सांगायला हवं. आज मला लिहायचंय ते रक्ताच्या या साक्षीबद्दल, आणि ही साक्ष जिथे डळमळते त्या आजाराबद्दल.

या साक्षीची गोष्ट पेनिसिलिन हाती येण्याच्या आधीची आहे. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जिवाणूपासून काढलेला एक पदार्थ, ज्याला ते 'सी' म्हणत, रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळला की साका तयार होई. रुग्ण बरा झाला की तेच रक्त साका धरेनासं होई. 'सी'शी अभिक्रिया करणारं प्रथिन म्हणून त्याचं नाव पडलं सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. आपल्या लॅबच्या कागदावरचं सीआरपी ते हेच.

गंमत बघा, त्या वेळी खूण सापडली होती पण औषध नव्हतं. फ्लेमिंगनं 1928 मध्ये बुरशीची करामत पाहिली होती खरी, पण रुग्णाला टोचता येईल असं पेनिसिलिन मिळायला 1940 चं दशक उजाडावं लागलं.

सीआरपी बनतं कुठे, हे मात्र बरीच वर्षं कळलं नव्हतं. 1960 च्या दशकात प्राण्यांवरच्या प्रयोगांतून उत्तर मिळालं: यकृतात. शरीरात कुठेही जिवाणू शिरले की लढणाऱ्या पेशी इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप रक्तातून धाडतात. तो मिळाला की यकृत सीआरपी बनवायला लागतं. काही तासांत आकडा चढू लागतो आणि साधारण दोन दिवसांत टोकाला जातो. एरवी लिटरमागे पाच-दहा मिलिग्रॅमच्या आत असलेलं प्रमाण मोठ्या संसर्गात शंभराच्याही वर जातं.

आता खरी अडचण. यकृतच आजारी असेल तर?

लिव्हर सिरॉसिसमध्ये यकृताच्या पेशी मरत जातात आणि त्यांच्या जागी घट्ट चट्टे तयार होतात. हे नाव 1819 मध्ये लेनेकनं दिलं, स्टेथोस्कोप शोधणारा तोच. दारू हे एक कारण, पण कावीळ ब आणि क, आणि हल्ली मधुमेह-लठ्ठपणातून येणारं चरबीचं यकृत हीही मोठी कारणं आहेत. 'पीत नव्हता, मग कसं झालं?' असं रुग्णाच्या घरच्यांना विचारणं आता तरी सोडायला हवं. या रुग्णांना जिवाणूंचा संसर्ग पटकन होतो, आणि तो झाला की जीव जाण्याचा धोका सुमारे चौपट होतो.

आणि नेमका इथेच साक्षीदार दुबळा. यकृत जितकं खराब, तितकं ते सीआरपी कमी बनवतं. दुसऱ्या बाजूनं, या रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू आणि त्यांचे अंश थोडे थोडे रक्तात झिरपत असतात, त्यामुळे संसर्ग नसतानाही आकडा किंचित वर असू शकतो. म्हणजे एरवी जरासा जास्त आणि गरज असते तेव्हा पुरेसा न चढणारा. पांढऱ्या पेशींचंही तेच. सिरॉसिसमध्ये पानथरी सुजते आणि पेशी अडकवून ठेवते. ज्याच्या पेशी एरवी तीन हजार, त्याच्या सात हजार झाल्या तर त्या दुपटीहून जास्त झाल्या, पण कागदावर 'नॉर्मल'च छापून येतं. ताप तर अनेकदा येतच नाही.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त कामगाराच्या बाबतीत असंच झालं. ताप नाही, पेशी ठीक, सीआरपी थोडंसंच वाढलेलं. फक्त दोन दिवस झोपाळल्यासारखे होते आणि बोलण्यात गोंधळ होता. घरचे म्हणत होते, रिपोर्ट तर चांगले आहेत. तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र ऐकलं नाही, सुई घालून पोटातलं पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. संसर्ग तिथे होता.

पोटातल्या पाण्याच्या या आपोआप होणाऱ्या संसर्गाकडे जगाचं लक्ष वेधलं ते अमेरिकेतल्या हॅरॉल्ड कॉन यांनी, 1964 मध्ये. त्या काळी यातून फार थोडे वाचत. आज वेळेत पकडला तर बहुतेक जण या झटक्यातून बाहेर येतात. निदानाची कसोटी साधी आहे: घन मिलिमीटरमागे 250 किंवा अधिक न्यूट्रोफिल पेशी. हा आकडा रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही, त्यासाठी पोटातलंच पाणी काढावं लागतं.

1993 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी आणखी एक साक्षीदार पुढे आणला, प्रोकॅल्सिटोनिन. हे एरवी थायरॉइडमध्ये बनतं, पण जिवाणूंच्या मोठ्या संसर्गात शरीरातले अनेक अवयव ते बनवू लागतात. फक्त यकृतावर अवलंबून नसल्यामुळे सिरॉसिसमध्ये त्याचा उपयोग होतो. पण तेही अचूक नाही. मूत्रपिंडं बिघडली तरी ते वाढतं, आणि लहानशा जागेतल्या संसर्गात वाढतही नाही.

कुणी म्हणेल, मग सरळ अँटिबायोटिक देऊन टाकावं. संसर्गाचा दाट संशय असेल तर नमुने घेऊन डॉक्टर तेच करतात, कारण उशीर महागात पडतो. पण सरसकट देण्याचीही किंमत आहे. सिरॉसिसच्या रुग्णांमधल्या संसर्गाचा जगभरातला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक औषधांना दाद न देणारे जिवाणू त्यात आशियात, आणि विशेषतः भारतात, जास्त आढळले. ज्या औषधाचं उत्पादन देशात सुरू झालं याचं पिंपरीला एवढं अप्रूप होतं, ते औषध आता या जिवाणूंपुढे चालत नाही.

म्हणून घरात सिरॉसिसचा रुग्ण असेल तर त्याचे जुने रिपोर्ट जपून ठेवा. डॉक्टरांना छापील नॉर्मलपेक्षा त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा जास्त उपयोगी पडतो. आणि तो अचानक गोंगू लागला, लघवी कमी झाली, पोट दुखू लागलं, तर ताप यायची किंवा रिपोर्ट बिघडायची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'पोटातलं पाणी तपासायचं का?' हे विचारायला अजिबात संकोच करू नका.